बुद्धिबळ, संगणकीय

संगणकाने माणसाविरुद्ध, दुसऱ्या संगणकाविरुद्ध किंवा माणसाच्या साहाय्याने खेळलेले बुद्धिबळ, तसेच असा खेळ शक्य करणाऱ्या आज्ञावलींचे शास्त्र. संगणक अव्वल दर्जाच्या खेळाडूची बरोबरी करू शकेल काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापासून सु. ५० वर्षे गणितज्ञ, अभियंते आणि बुद्धिबळपटू ह्यांच्यात वादाचा विषय होता. १९९७ ते २००६ ह्या काळात त्याचा निकाल संगणकाच्या बाजूने लागला. मात्र ज्या मार्गाने हा निकाल लागला, तो प्रश्न मांडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या अपेक्षेहून अगदी वेगळा होता. यंत्राला बुद्धिबळ खेळता आले, तर विचार म्हणजे काय ह्याचा उलगडा होईल, अशी मूळ आशा होती. ती मात्र फारशी सफल झाली नाही.

प्रारंभीची यंत्रे : बुद्धिबळ खेळणारे म्हणून गाजलेले पहिले यंत्र वस्तुतः फसवे होते. व्होल्फगांग फोन केंपेलेन ह्यांनी १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात दाखविलेल्या ‘तुर्क’ नावाच्या यंत्राच्या पेटीत एक निष्णात खेळाडू दडलेला असे. १८०९ मध्ये नेपोलियनही ह्या ‘यंत्रा’ शी खेळून हरला. खरे यंत्र स्पॅनिश अभियंता लेओनार्दो तोर्रेस केव्हेदो ह्यांनी १९१२ मध्ये सिद्ध केले. राजा व हत्ती विरुद्ध एकटा राजा एवढाच डाव ते खेळू शके. कमीत कमी खेळ्यांत नसली, तरी मात मात्र ते हमखास करी.

संपूर्ण डाव खेळू शकणाऱ्या यंत्राचा शास्त्रीय पाया अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन ह्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात घातला. इंग्लंडमध्ये ॲलन ट्युरिंग ह्यांनी एक आज्ञावली रचली होती. परंतु ती चालविण्याजोगा संगणक हाताशी नसल्यामुळे १९५२ मध्ये त्यांनी स्वतःच संगणकाची भूमिका घेऊन, कागदावर आकडेमोड करीत, तिच्या आज्ञेप्रमाणे एक डाव खेळून दाखविला. ह्या ‘कागदी यंत्रा’ ला हार पत्करावी लागली. पुढे १९५६ मध्ये अमेरिकेतील लॉस ॲलॅमॉस येथे ६ × ६ घरांच्या, उंट नसलेल्या पटावर प्रत्यक्ष संगणक खेळला.

कार्यतत्त्व : बुद्धिबळातील अडचण संख्येची आहे. पांढऱ्या बाजूला पहिली खेळी २० प्रकारे करता येते. काळ्याने उत्तर दिल्यावर खेळ्यांचे ४०० क्रम संभवतात. तिसऱ्या अर्धखेळीनंतर हा आकडा ८,९०२, चौथीनंतर १,९७,२८१ आणि सहावीनंतर ११,९०,६०,३२४ होतो. म्हणजे दोन्ही बाजूंच्या अवघ्या तीन-तीन खेळ्या झाल्या, की शक्यतांची संख्या जवळजवळ १२ कोटींवर जाते. शॅनन ह्यांच्या अंदाजाप्रमाणे संभाव्य डावांची संख्या एकावर १२० शून्ये इतकी भरते.

गुणाकाराने वाढत जाणाऱ्या संख्या किती झपाट्याने आवाक्याबाहेर जातात, हे बुद्धिबळाच्या जन्मकथेतच सांगितलेले आहे. खेळाच्या निर्मात्याने पटाच्या पहिल्या घरासाठी एक दाणा, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार अशा दुपटीने ६४ घरांचे धान्य राजाकडे मागितले, अशी ही कथा. रायगड जिल्ह्यातील कर्जत येथे भाताचे संशोधन केंद्र असून ‘कर्जत-१८४’ सारखे वाण तेथूनच प्रसारित झाले. भातवाणाच्या वर्णनात हजार दाण्यांचे वजन देण्याची प्रथा आहे. ते २० ग्रॅम धरले, तर निर्मात्याच्या मागणीचे वजन सु. ३६,९०० कोटी टन भरते. भारतात वर्षाला सु. १४ कोटी टन तांदूळ पिकतो, असे मानल्यास ही मागणी पुरी करण्यास अडीच हजारांहून अधिक वर्षे लागतील. येथे प्रत्येक पायरीला केवळ दुप्पट होते; बुद्धिबळाच्या मध्यपर्वात प्रत्येक पायरीला सु. ३५ पट होते, हे लक्षात घेतले म्हणजे डावाच्या सर्व शक्यता शेवटपर्यंत तपासणे अतिवेगवान संगणकालाही का अशक्य आहे, ते कळते.

म्हणून संगणक काही खेळ्यांपर्यंतच पुढे पाहतो आणि तेथे दिसणाऱ्या मांडणीला गुण देतो. ह्या गुणदानाच्या नियमास मूल्यमापन-सूत्र म्हणतात. प्याद्याला १, घोडा व उंट ह्यांना ३, हत्तीला ५ व वजिराला ९ हे नवशिक्याला शिकविले जाणारे मोल हा त्याचा गाभा. त्यात राजाची सुरक्षितता, मोहऱ्यांना मिळणारा वाव, प्याद्यांची साखळी इत्यादींचे गुण मिळविले जातात. आपल्या पाळीला जास्तीत जास्त गुणांची आणि प्रतिस्पर्ध्याच्या पाळीला आपणास कमीत कमी गुण देणारी खेळी होईल असे गृहीत धरून यंत्र शेवटच्या पायरीवरून मागे मागे येते आणि पहिली खेळी निवडते.

शॅनन ह्यांनी दोन मार्ग सांगितले होते : ठराविक खोलीपर्यंत सर्व खेळ्या तपासणे, किंवा जाणत्या खेळाडूप्रमाणे मोजक्याच खेळ्या निवडून त्यांचा खोलवर विचार करणे. दुसरा मार्ग बुद्धीला पटणारा होता व विचारवंतांचा ओढाही त्याकडेच होता. सोव्हिएट जगज्जेते व विद्युत् अभियंते मिखाईल बॉटव्हिनिक ह्यांनी ह्याच मार्गाने आज्ञावली रचण्यात आयुष्याची अनेक वर्षे वेचली. तिला प्रत्यक्ष स्पर्धेत यश लाभले नाही. यश पहिल्या, वरकरणी ओबडधोबड मार्गाला आले. त्याला मुख्य साहाय्य झाले ते छाटणीच्या युक्तीचे. एखाद्या खेळीला वजीर गमवावा लागेल असे एकच उत्तर सापडले, तर त्या खेळीची उरलेली उत्तरे तपासण्याचे कारण राहत नाही. हे तत्त्व काटेकोरपणे वापरल्यास, आणि चांगल्या खेळ्या आधी तपासल्यास, तेवढ्याच श्रमात जवळजवळ दुप्पट खोलीपर्यंत पाहता येते व निर्णयात काहीही फरक पडत नाही.

ह्या पद्धतीत एक अंगभूत दोष असे. यंत्राची दृष्टी जेथे संपते त्याच्या पलीकडे अनर्थ असला, तर तो त्याला दिसत नाही. एवढेच नव्हे, तर होणारे नुकसान निरर्थक शह देऊन दृष्टीच्या टप्प्याबाहेर ढकलले, की ते टळले असेच यंत्र समजते. ह्यास क्षितिज-दोष म्हणतात. १९७०–८० च्या दशकातील संगणकांचे हास्यास्पद वाटणारे अनेक पराभव ह्या दोषातून घडले. मारामारी चालू असताना विचार न थांबविणे, हा त्यावरील उपाय होय.

मानव-यंत्र सामने : दहा वर्षांत संगणक जगज्जेता होईल, असे भाकीत हर्बर्ट सायमन ह्यांनी १९५७ मध्ये केले, ते ३० वर्षांनी चुकले. १९६८ मध्ये इंग्लिश खेळाडू डेव्हिड लेव्ही ह्यांनी दहा वर्षांत आपणास कोणताही संगणक हरवू शकणार नाही, अशी पैज लावली व १९७८ मध्ये टोराँटो येथे ‘चेस ४.७’ ह्या आज्ञावलीवर ३½–१½ असा विजय मिळवून ती जिंकली. पण त्या सामन्यात त्यांनी एक डाव गमावला होता, आणि जाणकारांनी त्याची नोंद घेतली. त्याच सुमारास केन टॉमसन व जो काँडन ह्यांनी केवळ बुद्धिबळासाठी विद्युत् मंडले बांधून ‘बेल’ हे यंत्र तयार केले. १९८० मध्ये ते संगणकांच्या जागतिक स्पर्धेत विजयी झाले व १९८३ मध्ये त्यास अमेरिकेत ‘मास्टर’ दर्जा मिळाला. १९८८ मध्ये ‘डीप थॉट’ ने डेन्मार्कचे ग्रँडमास्टर बेंट लार्सन ह्यांना हरविले, आणि पुढील वर्षी लेव्ही ह्यांचा ४–० असा पराभव केला. जगज्जेते गॅरी कास्पारॉव्ह ह्यांनी मात्र १९८९ मध्ये त्याच यंत्राला दोन्ही डावांत सहज नमविले.

‘डीप थॉट’ चे निर्माते फेंग-शुंग शू आणि त्यांचे सहकारी पुढे आयबीएम कंपनीत गेले व तेथे ‘डीप ब्ल्यू’ तयार झाले. १० फेब्रुवारी १९९६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्याने कास्पारॉव्ह ह्यांच्यावर पहिला डाव जिंकला. नेहमीच्या कालमर्यादेच्या डावात विद्यमान जगज्जेत्यास यंत्राने हरविण्याचा हा पहिलाच प्रसंग. तो सामना कास्पारॉव्ह ह्यांनी ४–२ असा जिंकला. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे पुन्हा सामना झाला. सुधारलेल्या यंत्रात बुद्धिबळासाठी खास बनविलेल्या ४८० चकत्या होत्या व ते सेकंदाला सु. २० कोटी मांडण्या तपासत असे. दुसऱ्या डावात यंत्राने लाभ दिसत असूनही घाई न करता प्रतिस्पर्ध्याची कोंडी करणारी खेळी केली. अशी खेळी यंत्र करणार नाही, ह्या समजुतीमुळे कास्पारॉव्ह ह्यांच्या मनात माणसाच्या हस्तक्षेपाचा संशय आला. वस्तुतः बरोबरीची संधी असलेला हा डाव त्यांनी सोडून दिल्याचे नंतरच्या विश्लेषणात आढळले. ११ मे रोजी सहावा डाव १९ खेळ्यांत संपला व यंत्राने ३½–२½ अशी सरशी केली. कंपनीने परतीचा सामना न देता यंत्र निवृत्त केले. संशयाला पुरावा मिळाला नाही; पण एका सामन्यावरून श्रेष्ठत्वाचा निर्णय करणे योग्य नव्हे, हा आक्षेप त्या वेळी रास्तच होता.

त्याचे निरसन पुढील नऊ वर्षांत झाले, आणि तेही मुख्यतः बाजारात मिळणाऱ्या आज्ञावलींनी केले. २००२ मध्ये व्लादिमिर क्रामनिक व ‘डीप फ्रिट्झ’ ह्यांचा सामना ४–४, तर २००३ मध्ये कास्पारॉव्ह व ‘डीप ज्युनियर’ ह्यांचा ३–३ असा बरोबरीत सुटला. २००५ मध्ये ‘हायड्रा’ ने इंग्लंडच्या मायकेल ॲडम्झ ह्यांना ५½–½ असे चिरडले. २००६ मध्ये बॉन येथे क्रामनिक २–४ असे हरले. त्यातील एका डावात एका खेळीत होणारी मात त्यांच्या नजरेतून निसटली. जगज्जेत्याने अशी चूक करावी हे नवल वाटेल. परंतु थकवा, ताण व अनवधान ह्यांपासून मुक्त असणे हेच यंत्राचे पहिले बलस्थान होय. ह्यानंतर बरोबरीच्या अटींवरील मोठे सामने जवळजवळ बंद पडले. २००९ मध्ये ब्वेनस एअरीझच्या एका स्पर्धेत खिशातल्या दूरध्वनीवर चालणाऱ्या आज्ञावलीने १० पैकी ९½ गुण मिळविले. माणसाने गाठलेले सर्वोच्च अधिकृत मानांकन २८८२ असून ते नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसन ह्यांचे (२०१४) आहे. संगणकांच्या स्वतंत्र यादीत ३५०० च्या पुढील आकडे दिसतात. तथापि ते संगणकांच्या आपसांतील खेळावरून काढलेले असल्याने दोहोंची थेट तुलना करता येत नाही. यंत्राने एक घोडा आधीच सोडून ग्रँडमास्टरांना जलद डावांत हरविल्याची उदाहरणे २०२४ नंतर घडली आहेत, त्यांवरून अंतराची कल्पना यावी.

स्वयंशिक्षित आज्ञावली : डिसेंबर २०१७ मध्ये ‘अल्फाझीरो’ ह्या आज्ञावलीने वेगळीच वाट दाखविली. तिला केवळ नियम सांगितलेले होते. मोहऱ्यांचे मोल किंवा जुने डाव दिलेले नव्हते. मेंदूतील तंत्रिकांच्या जुळणीवरून सुचलेल्या गणिती जाळ्याच्या साहाय्याने ती स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळली व त्यांच्या निकालांवरून शिकत गेली. त्या वेळच्या अग्रगण्य ‘स्टॉकफिश’ शी झालेल्या १०० डावांत तिने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडविले व एकही गमावला नाही. ‘स्टॉकफिश’ सेकंदाला सु. ७ कोटी मांडण्या पाही, ‘अल्फाझीरो’ सु. ८० हजार. सामन्याच्या अटींविषयी आक्षेप घेतले गेले. तरीपण मोजक्या खेळ्यांचा निवडक विचार करण्याचा, अयशस्वी ठरलेला मार्ग येथे निराळ्या रूपाने यशस्वी झाला, हे मान्य करावे लागते. ही निवड माणसाने शिकविलेली नव्हती आणि ती कोणत्या कारणाने केली, हे आज्ञावली सांगूही शकत नाही. २०२० पासून ‘स्टॉकफिश’ मध्येही अशा जाळ्याचा अंतर्भाव झाला असून दोन्ही पद्धतींचा मिलाफ रूढ झाला आहे.

देशी खेळ व यंत्र : महाराष्ट्रात पूर्वी प्रचलित असलेल्या देशी पद्धतीच्या बुद्धिबळात नुसत्या जिंकण्याला पूर्ण मान नसे. प्याद्याने केलेली मात ही सर्वांत प्रतिष्ठेची समजली जाई, आणि प्रतिस्पर्ध्याचा राजा अगदी एकटा उरला तर विजयाचे मोल कमी होई. त्यामुळे कसलेला खेळाडू जिंकत आलेला डावही मनाजोगी मात साधेपर्यंत जपून खेळे. मुंबईत १८१४ मध्ये छापलेल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांच्या ग्रंथावरून ह्या पद्धतीची चांगली कल्पना येते. यंत्राच्या दृष्टीने ह्यात अवघड काही नाही. मातेच्या प्रकारांना वेगवेगळे गुण दिले, की झाले. परंतु खेळात काय मोलाचे मानावे हे यंत्राला बाहेरून सांगावे लागते. ते ठरविण्याचे काम माणसाकडेच राहते.

भारतीय खेळाडूंवरील परिणाम : महाराष्ट्रात बुद्धिबळाची परंपरा मुख्यतः गुरू, मंडळे आणि घराणी ह्यांच्या आधाराने वाढली. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर ह्यांचे नूतन बुद्धिबळ मंडळ, मुंबईत खाडिलकर भगिनींचे घर ही त्याची ठळक उदाहरणे. वासंती खाडिलकर १९७४ मध्ये पहिल्या राष्ट्रीय महिला विजेत्या, तर रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. त्या काळी परदेशी डावांची पुस्तके व नियतकालिके मिळविणे हीच मोठी अडचण असे. सोव्हिएट खेळाडूंमागे संघटित विश्लेषकांचे बळ होते, भारतीय खेळाडू बहुधा एकटा असे. भारताचे तिसरे ग्रँडमास्टर प्रवीण ठिपसे ह्यांना तो किताब १९९७ मध्ये, म्हणजे ‘डीप ब्ल्यू’ च्या विजयाच्याच वर्षी मिळाला. त्यानंतर संगणकाने ही विषमता बरीचशी पुसून टाकली. विश्वनाथन आनंद हे संगणकाचा अभ्यासासाठी कौशल्याने उपयोग करणाऱ्या पहिल्या पिढीतील होत. खेळाडूने डाव चालू असताना संगणकाचा सल्ला घ्यावा, अशा स्पेनमधील लेओन येथील स्पर्धा त्यांनी १९९९ ते २००१ अशा सलग तीन वर्षे जिंकल्या. नाशिकचे विदित गुजराथी (ग्रँडमास्टर, २०१३) आणि नागपूरच्या दिव्या देशमुख ही संगणकाच्या सहवासात वाढलेली पिढी. दिव्या देशमुख ह्यांनी जुलै २०२५ मध्ये बातूमी येथे महिला विश्वचषक जिंकला व त्या भारताच्या ८८ व्या ग्रँडमास्टर ठरल्या. ग्रँडमास्टरांची संख्या तीनवरून ८८ वर जाण्याचे श्रेय एकट्या यंत्राला देता येणार नाही. स्पर्धा, प्रायोजक व पालक ह्यांचाही त्यात वाटा आहे.

कर्जत किंवा खालापूरसारख्या तालुक्यांतील होतकरू मुलाला पूर्वी तोडीचा प्रतिस्पर्धी हवा असल्यास लोकलने मुंबई किंवा घाट चढून पुणे गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. जगज्जेत्याहून वरचढ प्रतिस्पर्धी त्याला घरबसल्या, मोफत उपलब्ध आहे. मात्र असा प्रतिस्पर्धी आणि शिक्षक ह्यांत फरक करावा लागतो. यंत्र खेळी दाखविते व तिचे गुण दशांशांत सांगते; ती का सुचावी हे सांगत नाही, आणि विद्यार्थ्याने विचार करण्यापूर्वीच उत्तर पुढे ठेवते. २०२४ मध्ये जगज्जेते झालेले डी. गुकेश ह्यांना त्यांच्या प्रशिक्षकांनी ग्रँडमास्टर होण्याच्या सुमारापर्यंत संगणकापासून हेतुतः दूर ठेवले होते, ही बाब ह्या संदर्भात बोलकी आहे.

यंत्राच्या सामर्थ्यामुळे खेळाच्या व्यवस्थेतही फेरफार झाले. अपुरा डाव मोहोरबंद खेळीवर थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे चालविण्याची जुनी प्रथा १९९० नंतरच्या दशकात लोपली. कारण रात्रभरात उत्तर यंत्रच देऊ लागले. पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात संगणकाची मदत अधिकृतपणे मान्य असून तेथे वरच्या पातळीवरील बहुतेक सर्व डाव बरोबरीत सुटतात. पटावरील खेळात ती मदत म्हणजे लबाडी होय. डिसेंबर २००६ मध्ये टोपीत बिनतारी उपकरण दडवून खेळणाऱ्या एका खेळाडूवर अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाने दहा वर्षांची बंदी घातली. तेव्हापासून खेळाडूंची झडती हा मोठ्या स्पर्धांचा नित्याचा भाग झाला आहे. तथापि घरून जालावर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांत लबाडी सिद्ध करणे अवघड जाते, आणि केवळ खेळ फार अचूक झाला म्हणून संशय घेतल्याने निर्दोष खेळाडूवरही अन्याय होण्याचा संभव असतो.

अंतिम पर्वाचे कोश : डावाच्या अखेरीस मोहरे थोडे उरले, की अंदाजाची गरज राहत नाही. मात झालेल्या मांडण्यांपासून मागे मागे जात प्रत्येक मांडणीचा निश्चित निकाल काढून ठेवता येतो. अशा कोशांनी काही रूढ मते खोटी ठरविली. दोन उंट विरुद्ध एक घोडा हा डाव शतकाहून अधिक काळ बरोबरीचा समजला जाई. तो सामान्यतः जिंकता येतो, मात्र त्यासाठी क्वचित ६६ खेळ्यांपर्यंत अचूक खेळ लागतो, असे टॉमसन ह्यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले. ५० खेळ्यांत मारामारी किंवा प्याद्याची खेळी न झाल्यास डाव बरोबरीत सोडविण्याचा नियम त्यामुळे काही डावांपुरता शिथिल करण्यात आला व १९९२ मध्ये पुन्हा पूर्ववत् झाला. दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या सर्व मांडण्यांचे कोश २०१२ मध्ये पुरे झाले. चेकर्स ह्या खेळाचा निकाल दोन्ही बाजूंच्या निर्दोष खेळाने बरोबरी होतो, हे २००७ मध्ये सिद्ध झाले आहे. बुद्धिबळातही तसेच असावे, असे बहुतेकांना वाटते. परंतु ३२ मोहऱ्यांच्या मूळ मांडणीबाबत ते सिद्ध झालेले नाही, आणि कोणताही संगणक, तो माणसाहून कितीही बलवान असला तरी, पहिली खेळी खात्रीने नव्हे तर अंदाजानेच करतो.